दहा फूट पाइप

एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की कर्जतची हवा जागच्या जागी उभी राहते. एका अंगाला माथेरान, दुसऱ्या अंगाला घाट, आणि मधल्या खोलगटात आम्ही, कढईत टाकून विसरलेल्या शेंगदाण्यांसारखे. शनिवारी फार्महाऊसवर येणारी मुंबईची मंडळी गाडीतून उतरल्या उतरल्या छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, काय हवा आहे इथली. मी त्यांना काही सांगत नाही. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर एवढं कळलं आहे, की ज्याला घाम येऊनही कळत नाही त्याला फळ्यावर लिहूनही कळणार नाही.

यंदाही हवा तशीच उभी आहे. उल्हास नदीची डबकी झाली आहेत. गावाबाहेर शेतांत राब भाजायला सुरुवात झाली आहे. शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा, शेण, वाळक्या फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे पावसाळ्यात भाताचं रोप तिथं जोमानं येतं. त्या जाळाचा धूर दुपारी गावात उतरतो, कडवट, किंचित गोडसर, आणि माझ्या घराशेजारच्या बोळात येऊन बसतो. पूर्वी हा धूर आला की मला करवंदं आठवायची. आता एसी आठवतो. आणि एसी आठवला की हसन.

गावात त्याला हसनभाई म्हणतात. मी हसन म्हणतो, कारण तो मला मास्तर म्हणतो, आणि त्या शब्दात त्याच्याइतका अनादर दुसरं कुणी भरू शकत नाही. त्याचं घराणं मूळचं म्हसळ्याकडचं, खाडीकाठचं. बाजारात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळलेले पंखे, पाण्याचे पंप, मिक्सर, सगळ्यांची जुनी तार काढून नवी तांब्याची तार गुंडाळून द्यायची, वर वॉर्निश लावून भट्टीत सुकवायची. चाळीस वर्षं तो ते वॉर्निश हुंगत बसला. तालुक्यातले पंखे फिरते राहिले आणि हसनची छाती तेवढी बसली. डॉक्टरांनी सांगितलं, खिडकीशी झोपत जा, खिडकी उघडी ठेवत जा. त्याला ते सांगायची गरज नव्हती. ती खिडकी उघडीच असायची.

कारण तिच्यासमोर माझी खिडकी होती.

माझ्या वडिलांनी आणि त्याच्या वडिलांनी शेजारशेजारच्या जागांवर एकाच साली घरं बांधली, आणि दोघांनीही जागा सोडताना सारखाच चिकटपणा दाखवला. दोन घरांमध्ये साडेतीन फुटांचा बोळ उरला. माझ्या झोपायच्या खोलीची खिडकी आणि हसनच्या खोलीची खिडकी अगदी नाकासमोर नाक. घरांची दारं मात्र विरुद्ध रस्त्यांवर. त्यामुळे पुढच्या दारानं आम्ही एकमेकांकडे ईद, दिवाळी, बारसं आणि मयत एवढ्याच कारणांनी गेलो. बाकी सगळा जन्म खिडकीतून. त्या साडेतीन फुटांवरून पुरणपोळ्या गेल्या, खिमा आला, वर्तमानपत्र सकाळी गेलं आणि दुपारी कोडं सोडवून परत आलं, ताप मोजायचा थर्मामीटर गेला, हसनच्या मुलाच्या, सलीमच्या, गणिताच्या वह्या आल्या. एकदा त्याच्या घरचं मांजरही आलं, ते परत गेलं नाही.

संध्याकाळी पाचला दोघं आपापल्या चहाचा कप घेऊन आपापल्या खिडकीत.

"मेलास का रं मास्तर उकाड्यानं?"

"नाही अजून."

"मग पंखा का कुरकुरतोय तुझा? तेल नाय घातलंस. उद्या काढून दे इकडं."

"शिडीवर कोण चढणार?"

"गणितं कोणी शिकवली रं तुला? पंखा खाली नाय येत, मानूस वर जातो."

एवढंच बोलणं. त्यात काही नव्हतं, आणि ते नसलं की दिवस झाला असं वाटत नसे.

गेल्या वर्षीचा उन्हाळा माझ्या बायकोला फार लागला. सुनंदाचं थायरॉइडचं दुखणं जुनं, त्यात वय. दुपारी ती मोरीत पाटावर बसायची, पाय बादलीत सोडून, हातात वाती वळत. मी विचारलं, इथं काय करतेस, तर म्हणाली, महाबळेश्वरला आले आहे. फ्रिज उघडून त्यासमोर उभी राहायची आणि मी आलो की दुधाचं पातेलं शोधल्यासारखं करायची. पाठीवर घामोळ्यांचं जाळं. झोप नाही. तिनं एसी हवा असं एकदाही म्हटलं नाही, हे मला इथं नोंदवून ठेवलं पाहिजे, कारण नंतर मी सगळीकडे तिचंच नाव पुढे केलं.

एसीची किंमत म्हणून दुकानात जी सांगतात ती नुसती लग्नपत्रिका असते, खरा खर्च मांडवात. हे मला माहीत नव्हतं. मी आठ दिवस वहीत तीन कंपन्यांचे रकाने पाडून अभ्यास केला, दुकानदाराला घासाघीस करून अर्धमेला केला, आणि विजयी मुद्रेनं घरी आलो. मग प्रमोद आला. प्रमोद हा चौकचा, जुन्या हायवेवर त्याचं फ्रिज-एसी दुरुस्तीचं दुकान आहे, चाळिशीचा शांत माणूस. त्यानं खोलीतून एक चक्कर मारली आणि माझा विजय हळूहळू उतरवायला लागला. भिंतीला भोक पाडायचं, त्याचे वेगळे. बाहेरच्या मशीनला लोखंडी स्टँड, तो वेगळा. व्होल्टेज आमच्याकडे दुपारी लोळण घेतं, म्हणून स्टॅबिलायझर. वायरिंग माझ्या वडिलांच्या काळातलं, त्यावर एसी लावला तर आधी घर तापेल आणि मग पेटेल, म्हणून मीटरपासून नवी वायर. वीज कचेरीत लोड वाढवायचा अर्ज. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो नम्रपणे "सर" म्हणत होता, जसं इंजेक्शन देणारी बाई "झालं, झालं" म्हणते.

"आणि सर, आतलं मशीन आणि बाहेरचं मशीन जोडायला तांब्याचा पाइप. दहा फूट मशीनबरोबर फुकट येतो. पुढं फुटाला अडीचशे."

"बाहेरचं मशीन कुठं बसेल?"

"चांगलं म्हणाल तर गच्चीवर. हवा मोकळी, कोणाला त्रास नाही. पण पाइप बत्तीस फूट जाईल."

बत्तीस वजा दहा बावीस, गुणिले अडीचशे, पाच हजार पाचशे. कागद न घेता मी सांगितलं. प्रमोदनं मान डोलावली. आयुष्यभर शिकवलेलं गणित इतक्या झटपट माझ्या कामी दुसऱ्यांदा कधी आलं नाही, आणि इतकं वाईट कामीही आलं नाही.

"आणि इथंच बोळात लावलं तर?"

"बोळात सर आठ फुटांत होईल."

सुनंदा दारात उभी होती. ती म्हणाली, "बोळात म्हणजे हसनभाईंच्या तोंडावर."

"तोंडावर कसं? खिडकीवर."

"खिडकीत तोंडच असतं त्यांचं."

"अगं, साडेतीन फूट अंतर आहे. हवा वर जाते. गरम हवा वर जाते, हे सातवीला आहे."

"सातवीच्या पुस्तकात बोळ नव्हता वाटतं," ती म्हणाली आणि आत गेली. प्रमोद भिंतीकडे बघत राहिला. त्यानं विचारलं, "कधी येऊ सर?"

मी म्हणालो, गुरुवारी.

गुरुवार का, ते मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही. सुनंदाला सांगितलं, वार चांगला आहे. हसन आणि जुबेदाभाभी बुधवारी म्हसळ्याला भाचीच्या लग्नाला जाणार होते आणि रविवारी परतणार होते, हे मला माहीत होतं. खिडकीतूनच त्यानं सांगितलं होतं, वर म्हणाला होता, चार दिवस घराकडं लक्ष ठेव रं. मी ठेवलं. गुरुवारी दुपारी त्याच्या बंद खिडकीसमोर भिंतीला भोकं पडत होती आणि मी खाली खुर्ची टाकून बसलो होतो, लक्ष ठेवत.

पहिल्या दिवशी मशीन चालू झालं तेव्हा मी पंधरा मिनिटं त्याच्याखाली हात वर करून उभा होतो. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. सुनंदा दुपारची तीन तास झोपली. महिन्यात पहिल्यांदा. तिच्या कपाळावरची आठी गेलेली पाहून मला वाटलं, पाच हजार पाचशे वाचवून वर हे. स्वतःवर खूश झालेला गणिताचा मास्तर ही फार वाईट गोष्ट असते. त्याला उत्तर बरोबर आलेलं असतं, गणित कुठलं घेतलं होतं हे तो बघत नाही.

रविवारी दुपारी समोरची खिडकी उघडली. मशीन चालूच होतं. मी काचेआड उभा होतो, तोंडात वाक्यं तयार ठेवून. सुनंदाची तब्येत, गच्चीवरचं ऊन, प्रमोदचा सल्ला, सगळं क्रमानं. हसनच्या पांढऱ्या केसांवर गरम वारा आला आणि केस मागे उडाले. लग्नाची मेंदी दाढीला ताजी होती. त्यानं आधी मशीनकडे पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, पुढं वाकून बाजूचा कागद वाचला, पंख्याचा आवाज मान तिरकी करून ऐकला, एखादा वैद्य नाडी बघतो तसं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकी थोडी सरकवली.

"किती टन?"

"दीड."

"चांगली कंपनी हाय." मग माझ्या मागं खोलीत बघत, "वैनी झोपते ना आता बरोबर?"

"हो."

"बरं झालं."

त्यानं खिडकीचं एक दार लावलं, मग दुसरं. इतक्या वर्षांत ती खिडकी बंद होताना मी समोर उभा राहून कधी ऐकली नव्हती. तिच्या कडीला आवाज आहे हे मला त्या दिवशी कळलं.

एसी थंड करतो हा एक गैरसमज आहे, आणि तो माझा कधीच नव्हता. फार पूर्वी, आमच्या घरी पहिला फ्रिज आला तेव्हा हसननंच मला त्याच्या मागे नेऊन जाळीवर हात ठेवायला लावला होता. चटका बसला. तो हसत म्हणाला, "थंड नाय करत रं ते. आतलं गरम उचलून भायेर टाकतं. गरम कुठं जात नाय, जागा बदलतं फक्त." म्हणजे मला माहीत होतं. माझ्या खोलीतला उकाडा मी नाहीसा केला नव्हता, साडेतीन फूट सरकवला होता.

त्याच सुमाराची, आम्ही दोघं पंचविशीत असतानाची, एक मे महिन्यातली दुपार मला वारंवार आठवते. हसनच्या स्कूटरवरून आम्ही कोंडाण्याला गेलो, तिथून रानातून चढून लेण्यांत. बाहेर पान न पान गप्प, आणि आत पाऊल टाकल्यावर पायाच्या तळव्यांतून वर चढत येणारा गारवा. आम्ही शर्ट काढून दगडावर उताणे पडलो. हसन छताच्या कोरीव कमानींकडे बघत म्हणाला, "हितं पंखा लावायचा म्हटला तर हूक कुठं ठोकायचा?" मी इतका हसलो की वटवाघळं हलली. तो गारवा तिथं नुसता होता. त्याच्यासाठी दुसऱ्या बाजूला कुणी तापत नव्हतं. आम्ही दोन तास फुकट पडून राहिलो आणि उतरताना ठाकरवाडीच्या बाईकडून पानांच्या द्रोणात करवंदं घेतली. अशी दुपार पुन्हा मिळवायला किती फूट पाइप लागेल, याचा हिशेब मला येत नाही.

थंड खोलीत बसून मी त्या उन्हाळ्यात काय केलं, तर मूर्खपणा केला, पण टापटिपीनं. रिमोटवर आकडा जेवढा खाली तेवढी किंमत वसूल, अशा समजुतीनं अठरावर लावला आणि मे महिन्यात दोन घोंगड्या घेऊन बसलो. आठ दिवसांत मला शिंका सुरू झाल्या. मशीनमधून ठिबकणारं पाणी बादलीत धरून तुळशीला घातलं आणि बागेत जमणाऱ्या पेन्शनरांना ते दोनदा सांगितलं. सुनंदानं पंधराव्या दिवशी आपली गादी उचलून बाहेरच्या खोलीत नेली.

"अगं, तुझ्यासाठी एवढा खर्च केला."

"माझं नाव पुढं करू नका. मला तिथं झोप लागत नाही."

"थंडीनं?"

"नाही. समोरची खिडकी दिसते."

एसीच्या खोलीचा एक मोठा गुण असा, की सगळं बंद ठेवावं लागतं, त्यामुळे बाहेरचं काही ऐकू येत नाही. हसनचा खोकला मला ऐकू येईनासा झाला. तो बरा झाला असावा, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. असं उत्तर वर्गात कुणी दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. संध्याकाळी पाचला मी चहाचा कप घेऊन काचेशी जायचो, सवयीनं, आणि मशीनच्या जाळीआडून फिरणारा पंखा बघत चहा प्यायचो. त्याच्या पलीकडे ती दोन हिरवी दारं. बंद. खोलीत दम कोंडणाऱ्या माणसाला मी त्याची खिडकी लावायला लावली होती, आणि मला शिंकांचा त्रास होत होता.

मेअखेरीस तो मला बाजारात दिसला. कैरीच्या ढिगाशी उभा. बारीक झाला होता. गळ्याशी शर्टाची कॉलर मोठी वाटत होती.

"बरा हायस?" तो म्हणाला.

"बरा आहे. तू?"

"चाललंय."

मी ते वर नेतो, हे चार शब्द माझ्या जिभेवर होते. अगदी टोकाशी. मी म्हणालो, "कैरी कशी घेतलीस?" त्यानं भाव सांगितला. मी म्हणालो, महाग आहे. तो म्हणाला, हाय थोडी. मग आम्ही दोघं आपापल्या पिशव्या घेऊन एकाच दिशेला निघालो आणि कोपऱ्यावरून वेगळे झालो, त्याचा रस्ता तिकडून, माझा इकडून.

जूनमध्ये मी प्रमोदला फोन केला. मशीन गच्चीवर न्यायचं तर काय पडेल? गॅस काढायचा, परत भरायचा, पाइप, नवा स्टँड, शिडी, एक माणूस जास्त. नऊएक हजार. पूर्वी साडेपाचात झालं असतं सर, असं तो म्हणाला नाही, पण मी गणिताचा मास्तर आहे. मी म्हणालो, पावसाळा होऊन जाऊ दे. पावसाळ्यात मशीन बंदच होतं, मग घाई कसली? दिवाळीला थंडी पडली, मग कोणाला त्रास? फराळाचा डबा सुनंदानं पुढच्या दारानं नेऊन दिला. समोरची खिडकी पावसातही उघडली नाही, थंडीतही नाही. मशीन गप्प होतं, गरम वारा नव्हता, तरी नाही. हे मी पाहत होतो. यातून काही कळून घ्यायचं मी टाळत होतो.

मार्चात ईद आली. रिवाजाप्रमाणे पुढच्या दारानं गेलो, मिठाईचा पुडा घेऊन. हसन हॉलमध्ये खाटेवर बसला होता. गळाभेट झाली. त्याच्या छातीत आत कुठंतरी शिट्टी वाजत होती, ती माझ्या कानाला लागली. जुबेदाभाभींनी शिरखुर्मा दिला. मी दोन वाट्या खाल्ला, सलीमच्या नोकरीची चौकशी केली, खोपोलीच्या रस्त्याच्या कामाला नावं ठेवली. हसन माझ्याकडे बघत होता, फार लक्ष देऊन, एखाद्या विद्यार्थ्याला उत्तर येतंय की नाही हे मास्तर बघतो तसा. मी उठलो, आणि आलो.

आणि आता पुन्हा एप्रिल. पंधरा दिवसांपूर्वी सुनंदा गिरणीतून दळण घेऊन आली. पीठ खाली ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सलीमनं पनवेलला जागा घेतली. हसनभाई-भाभींना घेऊन चाललाय. दवाखाना तिथं खालीच आहे म्हणे."

"कधी?"

"पुढच्या रविवारी. घराला कुलूप."

मी त्याच तासाला प्रमोदला फोन केला. दुसऱ्या दिवशी तो आला. मशीन गच्चीवर गेलं, बत्तीस फूट पाइप भिंतीवरून वर चढला. नऊ हजार आठशे. मी एक रुपया कमी करायला सांगितला नाही, आणि त्याचाही मला थोडा अभिमान वाटला. बोळ मोकळा झाला. भिंतीत चार भोकं राहिली. मी माझी खिडकी सताड उघडली आणि खुर्ची टाकून बसलो. एक दिवस बसलो. दोन दिवस बसलो. राबाचा धूर येत होता, समोरच्या घरात खोकी सरकवल्याचे आवाज येत होते. खिडकी उघडली नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी वळसा घालून त्याच्या पुढच्या दारात गेलो. ईद नव्हती, बारसं नव्हतं. जुबेदाभाभी मला बघून दचकल्या, त्यांना वाटलं कोणी गेलं. हसन खाटेवर उशांना टेकून बसला होता. भोवती दोरीनं बांधलेली खोकी.

"बस. चा घे."

मी एका खोक्यावर बसलो. "मशीन वर नेलं," मी म्हणालो.

"ऐकलं. घर हादरत होतं."

"आधीच न्यायला हवं होतं. तू म्हसळ्याला गेलास तेव्हा मी..."

"माहीत हाय." तो दम घेत बोलत होता, दोन-दोन शब्द. "प्रमोदचा फोन आला होता मला. मांडवात. त्याच्या मोटारी वाइंडिंगला माज्याकडंच यायच्या. म्हणाला, चाचा, तुमच्या खिडकीसमोर येतंय, लावू का नको? मी म्हणालो, लाव. वैनीला झोप नाय उकाड्यानं. माजं काय, मी खिडकी लावून घेईन दुपारची."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

चहा आला. त्यानं बशीत ओतला, फुंकर घालायला दम पुरला नाही, तसाच ठेवला.

"आलो त्या दिशी वाटलं, आता बोलंल. मंग वाटलं, चार दिसांनी बोलंल. बाजारात वाटलं. ईदला तर नक्की वाटलं. शिरखुर्मा खाल्लास नि गेलास. गरम वाऱ्याचं काय रं, आख्खा जन्म भट्टीसमोर काढला मी. त्यासाठी खिडकी नाय लावली. तुजं तोंड बघवंना, गप बसलेलं."

"रागावलास?"

"राग असता तर बरं झालं असतं. भांडलो असतो दोन दिस, मिटलं असतं." त्यानं बशी उचलली, परत ठेवली. "आता कशाला वर नेलंस? उगा खर्च."

मी सांगायला गेलो होतो ते त्याला वर्षभर माहीत होतं. माफी मागावी, तर ती ज्या दिवसांसाठी मागायची ते दिवस निघून गेले होते. तरी मी उठताना म्हणालो, "जाण्याआधी एकदा खिडकीत बसू. पाचला."

"बगू," तो म्हणाला. डोळे मिटूनच म्हणाला.

शनिवारी मी पाचला कप घेऊन बसलो. खिडकी उघडली नाही. त्याला उठवत नसेल, मी म्हटलं. रविवारी सकाळपासून बसलो. निघण्याआधी तो एकदा तरी उघडेल, इतक्या वर्षांत आम्ही एकमेकांचा निरोप दुसरीकडून कधी घेतलाच नव्हता. सुनंदा दोनदा येऊन म्हणाली, चला, टेंपो आलाय त्यांच्या दारात. मी म्हणालो, तू हो पुढं, तो इथं येईल. ती मसाल्याचा डबा आणि पापड घेऊन गेली. मी बसून राहिलो. आत माणसांची ये-जा ऐकू येत होती, एकदा कडीजवळ काही वाजल्यासारखं झालं आणि मी उठून उभाही राहिलो. मग घराच्या पलीकडच्या बाजूला, जी माझ्या खिडकीतून दिसत नाही, टेंपो सुरू झाल्याचा आवाज आला. मी धावलो. मागच्या दारानं, गल्लीतून, वळसा घालून. सत्तरीच्या माणसाचं धावणं. कोपऱ्यावर पोचलो तेव्हा रस्त्यावर धूळ होती आणि सुनंदा एकटी उभी होती, रिकामी पिशवी हातात धरून.

"पुढच्या सीटवर बसले होते," ती म्हणाली. "बराच वेळ टेंपो थांबवून ठेवला त्यांनी. गल्लीकडे बघत होते. मला म्हणाले, मास्तर येतोय का बघ."